शेळ्यांची वाढ : आनुवंशिकता आणि परिसर

करडू जन्मल्यापासून अंगाने भरेपर्यंत त्याचे वजन, उंची आणि छातीचा घेर किती वाढेल, हे दोन गोष्टींवर ठरते : आईबापांकडून आलेली जनुके आणि परिसर, म्हणजे चारा, गोठा, हवामान, रोगराई व देखभाल. ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर या तालुक्यांत भातशेतीच्या जोडीने शेळ्या पाळतात, आणि भिवंडी, कल्याण, मुंब्र्याचे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर आहे. बोकडाचे जिवंत वजन हाच भावाचा आधार, त्यामुळे हा विषय इथे थेट पैशाचा आहे.

जातीजातींत मुळातच फरक असतो. उस्मानाबादी करडू जन्मतः साधारण २ ते २.५ किलो भरते. जमनापारीचे त्याहून थोराड असते. मात्र एकाच जातीच्या कळपात वजनाची आनुवंशिकता, म्हणजे वजनांतल्या फरकापैकी जनुकांमुळे येणारा हिस्सा, बहुधा ०.१ ते ०.४ एवढीच आढळते. कळपाच्या सरासरीपेक्षा ८ किलोने भारी बोकड पैदाशीला आणला आणि शेळ्या सरासरीच्याच असल्या, तर करडांना त्याची अर्धीच जनुके मिळतात. आनुवंशिकता ०.२५ धरली तर करडांत सरासरी १ किलोच उतरतो. तोही तेव्हाच, जेव्हा बोकड याच कळपासारख्या परिस्थितीत वाढलेला असेल! खुराकावर फुगवलेल्या बोकडाचे मांस विकत मिळते, वंशात येत नाही. तरीही हा १ किलो मोलाचा आहे, कारण दर पिढीत निवड नीट केली तर तो साचत जातो. गावात एकच बोकड वर्षानुवर्षे राहिला आणि त्याच्याच पाठी (मादी करडे) मोठ्या होऊन त्याच्याकडून फळल्या (गाभण राहिल्या), तर ही कमाई उलटते : करडे लहान निपजतात, मरतातही जास्त. म्हणून दीड-दोन वर्षांत बोकड बदलतात.

पहिल्या तीन महिन्यांच्या वजनात आईचा वाटा मोठा असतो. पहिलटकरीण शेळीची करडे हलकी, जुळी एकट्यापेक्षा हलकी, पाठ बोकडापेक्षा हलकी. जन्मल्यानंतर तासाभरात चीक पोटात जायला हवा. २४ तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे अडीच किलोच्या करडाला सुमारे पाव लिटर. एरवी कष्टाने कळप सांभाळणारे लोकही इथेच एक चूक करतात. तीन महिन्यांचे एकटे करडू १० किलोचे आणि शेजारची जुळी प्रत्येकी ८ किलोची दिसली, की एकटे करडू पैदाशीसाठी राखतात आणि जुळी विकून टाकतात. प्रत्यक्षात जुळ्यांच्या आईने १६ किलो वाढवलेले असतात. अशी निवड पिढ्यान् पिढ्या चालली तर जुळी देण्याचा गुणच कळपातून झिजत जातो. तुलना करायची तर एकाच हंगामातल्या, एकाच वेताच्या, एकट्याची एकट्याशी आणि जुळ्याची जुळ्याशी.

परिसरात ठाण्याचा पाऊस सर्वांवर मात करतो. इथे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर उस्मानाबादी शेळी कोरड्या मराठवाड्यातली. तिकडे चांगली वाढणारी शेळी इकडे ओल्या जमिनीवर, दमट हवेत तशीच वाढेल याची खात्री नाही; कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गाकडची जात अशा हवामानात रुळलेली आहे. पावसाळ्यात चारा मुबलक असतो, पण ओल्या गवतातून जंतांच्या अळ्या पोटात जातात. त्यांतला रक्त शोषणारा जंत सर्वांत घातक. करडाची खालची पापणी उलटून पाहावी : आतला भाग लालसर असायला हवा, तो पांढुरका पडला असेल, जबड्याखाली पाणी उतरले असेल, तर पोटभर चारा खाऊनही ते वाढत नाही. लाकडी पट्ट्यांचा उंच माच इथे म्हणूनच कामाचा. लेंड्या आणि मूत फटींतून खाली पडतात, करडू कोरड्यावर बसते.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. जून-जुलैत फळलेली शेळी नोव्हेंबर-डिसेंबरात विते. हवा कोरडी असते, करडे जगतात. जानेवारी-फेब्रुवारीत फळलेली ऐन पावसात विते आणि तीच जनुके घेऊन आलेली करडे खोकला, हगवण, जंत यांनी खुरटतात.

यात बकरी ईदेचा हिशेब मिसळतो. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला आली. थंडीत जन्मलेला बोकड तेव्हा दीड वर्षाचा होता. ती जानेवारीकडे सरकेल तेव्हा असाच बोकड जेमतेम १३-१४ महिन्यांचा असेल, आणि कमी दिवसांत अंग धरणाऱ्या वाणाला तेव्हा अधिक भाव येईल.