कूलरवरून पेटलेलं भांडण

मे महिन्यातली नागपूरची दुपार. पारा ४५च्या आसपास. बाप बाहेरून तापून येतो, कूलर लावतो, मोटर घरघरते आणि सहा वर्षांचा मुलगा दोन्ही कान गच्च दाबून किंचाळायला लागतो. आई कूलर बंद करते, बाप पुन्हा लावतो. "तूच लाडावून ठेवलंस" इथून निघालेलं भांडण संध्याकाळपर्यंत "तुमच्याच घराण्यात असेल काहीतरी" इथवर जातं.

हे घर मी कल्पून लिहिलंय, पण मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असलेल्या अनेकांना ते ओळखीचं वाटेल. अशा बऱ्याच मुलांना साधे आवाजही असह्य होतात. त्यात लाडाचा काही संबंध नाही.

ही घरं मोडतातच, अशी एक समजूत आहे. अमेरिकेत तर ८० टक्के जोडपी विभक्त होतात असं सर्रास म्हटलं जाई. २०१२ साली बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर संस्थेतल्या संशोधकांनी तपासलं, तर आईवडील दोघांसोबत राहणारी स्वमग्न मुलं ६४ टक्के निघाली आणि इतर मुलं ६५ टक्के. म्हणजे ती भीती फोल. पण २०१०च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा जोडप्यांत घटस्फोटाचं प्रमाण २३.५ टक्के आढळलं, इतर जोडप्यांत १३.८. त्यातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच: इतर घरांत मूल आठेक वर्षांचं झालं की हा धोका उतरत जातो. इथे तो मूल तरुण होईपर्यंत तसाच राहतो. साहजिक आहे, काळजी घेण्याचं काम संपतच नाही.

मग टिकणारी जोडपी काय करतात? झुरिकचे मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान यांनी १९९०च्या दशकापासून जोडपी ताण कसा पेलतात यावर काम केलं. त्यांच्या मते ताण एकट्याचा नसतोच. एकाने तो बोलून किंवा नुसत्या चेहऱ्याने कळवायचा, दुसऱ्याने तो ओळखायचा. पुढचं सगळं त्या ओळखण्यावर ठरतं. धीर देता येतो, मिळून तोड काढता येते, किंवा समोरच्याचं काम सरळ आपल्याकडे घेता येतं. "थेरपीला आज मी नेतो, तू झोप." थकलेल्या बाईला दहा सल्ल्यांपेक्षा हे एक वाक्य पुरतं, असं माझं मत. उलट "बरं बरं, करतो" म्हणत कपाळाला आठ्या घालून केलेली मदतही बोडेनमान नकारात्मकच धरतात.

दोष देण्याचं तर विचारूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत आपण सगळी पीडा मारबत नावाच्या एका पुतळ्यावर घालतो आणि तो जाळतो. घरात ती मारबत बहुधा आईच होते. एके काळी तज्ज्ञही तेच करत. आईच्या थंडपणामुळे मूल असं झालं, असं सांगत. १९६४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचं मूळ जैविक आहे असं ठासून मांडलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता.

आता कूलरचं. लावण्याआधी मुलाला सांगायचं, आणि बटण त्यालाच दाबू द्यायचं. आवाज कधी येणार हे कळलं, तो आपल्या हातात असला, की काही मुलांना सोसतो. पण हे दोघांनी ठरवून, रोज सारखंच करावं लागतं. नाहीच जमलं त्या दिवशी पंखा, आणि खिडकीला वाळ्याची ओली ताटी.