गाल बसले, पोट सुटलं: एचआयव्हीच्या गोळ्या आणि चरबीची मागची गोष्ट

हल्ली एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, बरेच जण विचारतात की नवीन गोळी चालू झाल्यापासून वजन का वाढतंय. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच रांगेत लोक विचारायचे, गाल का बसले? हे कळायला जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या काळात एड्स म्हणजे माणूस झिजणं, युगांडात तर लोक याला 'स्लिम'च म्हणायचे. १९८७ मध्ये एझेडटी हे पहिलं औषध आलं पण एकटं औषध फार टिकायचं नाही, खरा फरक पडला १९९६ ला, प्रोटीज इनहिबिटर नावाची, व्हायरसला वाढू न देणारी नवी औषधं आली आणि तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जायला लागली. पण वर्ष-दोन वर्षांत पेशंटच सांगायला लागले की शरीर काहीतरी विचित्र होतंय. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र घट्ट फुगलेलं आणि मानेमागे चरबीचा गोळा, आपल्याकडे बैलाला वशिंड असतं ना तसा. अमेरिकेत क्रिक्सिव्हन (इंडिनाविर हे प्रोटीज इनहिबिटर) घेणाऱ्यांनी आपल्या पोटाला त्या औषधाचंच नाव देऊन टाकलं होतं. १९९७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, या औषधांनी शुगर वाढू शकते अशी वॉर्निंग दिली आणि १९९८ ला सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमधल्या अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर यांच्या टीमने हे सगळं एकत्र मांडलं, चरबीची जागा बदलणं, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, इन्सुलिनला दाद न देणं. नाव पडलं लिपोडिस्ट्रॉफी.

तेव्हा सगळा संशय प्रोटीज इनहिबिटरवरच गेला. तो अगदीच चुकीचा नव्हता, इंडिनाविर पेशीत साखर घेणारी वाटच अडवतं हे नंतर लॅबमध्ये दिसलं. पण गाल आणि हातपाय वाळण्यामागे मोठा हात निघाला स्टॅव्हुडिन या दुसऱ्या जातीच्या औषधाचा, आणि त्याखालोखाल एझेडटीचा. ही औषधं व्हायरसला थांबवता थांबवता आपल्याच मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए कॉपी करणाऱ्या एन्झाइमला पण अडवतात, मग चरबीच्या पेशी आतूनच मरतात.

आणि इथे आपला संबंध येतो. २००१ मध्ये सिप्ला या आपल्याकडच्या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये तीन औषधं द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य देशांत तोच खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. त्या तीन औषधांतलं एक स्टॅव्हुडिन. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत एआरटी सुरू झाली, मुंबईचं जेजे पहिल्या सेंटरांपैकी, आणि त्यातही हीच स्वस्त गोळी. एझेडटीने रक्त कमी होतं म्हणून ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी त्यांना स्टॅव्हुडिन, म्हणजे आपल्याकडच्या किती बायकांच्या वाट्याला ते आलं असेल बघा. जीव वाचले यात वादच नाही, स्टॅव्हुडिन नसतं तर ती माणसं गाल बसायच्या आधीच गेली असती. पण ज्या माणसाने घरात, गल्लीत कुणाला कळू दिलं नाही त्याचा चेहराच बोलायला लागला, कानशिलं खोल, पायावर शिरा उठलेल्या, आणि लोक विचारणार "काय हो, शुगर आहे का?" मला तरी वाटतं हा साइड इफेक्ट रिपोर्टपेक्षा आरशात जास्त मोठा होता.

डब्ल्यूएचओने २००९ ला स्टॅव्हुडिन बंद करत आणा असं सांगितलं, हळूहळू त्याच्या जागी टेनोफोविर आलं. औषध बदललं की गेलेली चरबी परत येते, पण इतकी सावकाश की काहींचे गाल भरलेच नाहीत.

आता डोल्युटेग्राविर, सुरुवातीला म्हटलेली नवीन गोळी हीच. आपल्या प्रोग्रॅममध्येही आता टीएलडीच (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र) मुख्य गोळी. गाल बसत नाहीत, वजन वाढतं, ते पण सगळ्या अंगाने. दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅडव्हान्स ट्रायलचे आकडे २०१९ ला आले, डोल्युटेग्राविरबरोबर टीएएफ (टेनोफोविरचंच नवं रूप) घेणाऱ्यांचं ४८ आठवड्यांत सरासरी ६ किलोच्या आसपास वाढलं, आणि बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त. यावर एक भांडण अजून चालूय, नवीन गोळी वजन वाढवते की आधीचं इफाविरेन्झ हे औषध आणि टेनोफोविरचं जुनं रूप वजन दाबून ठेवत होते आणि तो दाब फक्त निघाला? माझ्या मते थोडं थोडं दोन्ही, शिवाय आजारात गेलेलं वजन परत येतं ते वेगळंच.

वजन वाढतंय म्हणून गोळीच बंद करायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर २००६ ची स्मार्ट ट्रायल आठवा. मध्येमध्ये औषध थांबवणाऱ्यांत मृत्यू तर वाढलेच, पण ज्या हार्टच्या त्रासाची भीती होती तोही कमी न होता उलट जास्तच दिसला. हार्टसाठी दुसरा रस्ता २०२३ ला मिळाला, रिप्रीव्ह नावाच्या ट्रायलमध्ये साडेसात हजारांवर एचआयव्ही पेशंट होते, भारतातलेही, आणि पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या रोजच्या गोळीने हार्ट अटॅक, स्ट्रोकसारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यामुळे आता सेंटरवर गेलात की सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि व्हायरल लोड (रक्तातला व्हायरस) यांच्याबरोबर शुगर, लिपिड आणि कमरेचं माप पण विचारून घ्या.