लव्हस्टोरी पाहिजे, पण यानातली नाहीतर जादूतली
(आमच्या वाचकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडं पुस्तकं विकतही मिळतात आणि डिपॉझिट भरून घरी वाचायलाही नेता येतात, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. अलीकडं काउंटरवर एक मागणी फार व्हायली आहे. क्लास सुटल्यावर येणाऱ्या मुली असोत नाहीतर बँकेतून घरी जाताना डोकावणारे साहेब, बोलणं थोड्याफार फरकानं तेच: "लव्हस्टोरीच द्या, पण नेहमीची नको. टाइम ट्रॅव्हल, ड्रॅगन, असलं कायतरी पाहिजे बघा." अशी पुस्तकं भरपूर आहेत, आणि त्यांतली बरीचशी तुमच्यासाठी नाहीत. कोणतं कुणी न्यावं, कुणी नेऊ नये, एवढ्यासाठी हे पत्रक छापलं आहे.

पुस्तक पारखायची आमची रीत

कादंबरी हातात आली की आम्ही एकच बघतो. त्यातलं यान, जादू किंवा शाप काढून टाकला, तर दोघांची गोष्ट तशीच्या तशी उरते का? उरत असेल तर तो नुसता मांडव आहे, लग्न दुसऱ्याच कुणाचं. चांगल्या कादंबरीत त्या जगाचा नियमच दोघांच्या आड येतो. आपल्याकडं जात आडवी येते, पैसा येतो, घरचे येतात. तिथं भौतिकशास्त्र आडवं येतं.

ज्यो हाल्डमन यांची 'द फॉरेव्हर वॉर' (१९७४) घ्या. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं जाणाऱ्या यानात एक वर्ष सरतं तेव्हा पृथ्वीवर सात वर्षं उलटलेली असतात. हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचं गणित आहे, लेखकाच्या मनाचं नाही. विल्यम मँडेला आणि मेरीगे हे दोघं सैनिक एकाच तुकडीत आहेत तोवर ठीक, दोघांची वयं बरोबरीनं वाढतात. पुढं दोघांना वेगवेगळ्या मोहिमांवर पाठवल्याचा हुकूम येतो. एका बदलीच्या कागदानं दोघांमध्ये शतकं पडणार, हे त्यांच्याबरोबरच आपल्याही ध्यानात येतं, आणि पुस्तक हातातून सुटत नाही. हाल्डमन स्वतः व्हिएतनाम युद्धात लढून आलेले, त्यामुळं लढाईचं वर्णन कुठंही शोभेचं वाटत नाही. इंग्रजी सोपं आहे. शरीरसंबंधांविषयी मात्र मोकळेपणानं लिहिलंय, आणि त्याबद्दलचे काही विचार आज जुनाट वाटतात. शेवटचं पान आधी उघडून बघू नका, सगळी गंमत तिथं आहे.

काळ आडवा येणारी

ऑड्री निफेनेगर यांची 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' (२००३) आमच्याकडून सगळ्यांत जास्त वेळा वाचायला नेली जाते. हेन्री शिकागोतल्या एका ग्रंथालयात काम करतो. त्याला एक जनुकीय विकार आहे: कधीही, मनात नसताना, तो काळात मागंपुढं फेकला जातो. अंगावरचा कपडासुद्धा बरोबर जात नाही. त्यामुळं पोचल्या पोचल्या पहिलं काम कपडे मिळवणं, बहुतेक वेळा चोरून. क्लेअर त्याला पहिल्यांदा बघते तेव्हा ती सहा वर्षांची आणि तो छत्तीस वर्षांचा. त्याच्या आयुष्यात मात्र ती पहिल्यांदा येते तेव्हा तो अठ्ठावीसचा आणि ती वीसची. तिला सगळं आठवतंय, याला काहीच माहीत नाही! लहान मुलीला भेटायला येणारा मोठा माणूस ही गोष्ट काही वाचकांना खटकते. आमच्यातही यावर एकमत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

वाचताना एक करा. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तारीख आणि दोघांची वयं दिलेली असतात, ती ओळ गाळू नका. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली छपाईच्या प्रतीत कुठं पान उलटसुलट बांधलेलं असतं, कुठं ओळ पुसट. दुसऱ्या कादंबरीत ते निभावतं, हिच्यात अजिबात नाही.

डायना गॅबल्डन यांची 'आउटलँडर' (१९९१) जाडजूड आहे. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका असलेली क्लेअर स्कॉटलंडमधल्या उभ्या दगडांच्या वर्तुळातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. तिकडं नवरा, इकडं जेमी हा स्कॉटिश तरुण. तिला इतिहास ठाऊक आहे: १७४६ साली कलोडनच्या मैदानावर जेमीचे हे स्कॉटिश लोक हरणार. ज्यांना ऐतिहासिक कादंबऱ्यांची सवय आहे त्यांनी बिनधास्त न्यावी. लैंगिक हिंसेची वर्णनं मात्र कडक आहेत, मन घट्ट करून वाचावी लागतात. पुढं मालिका वाढतच जाते, तेव्हा पहिला भाग आवडल्याशिवाय पूर्ण संच विकत घेऊ नका. आमचा धंदा असूनही सांगतोय.

वयानं मोठ्या माणसांची

"आमच्या वयाच्या माणसांचं प्रेम कुणी लिहीत नाही का हो?" असं एका काकूंनी विचारलं होतं. लिहितात की. लोइस मॅकमास्टर ब्यूजोल्ड यांची 'शार्ड्स ऑफ ऑनर' (१९८६). कॉर्डेलिया ही संशोधन मोहिमेची कप्तान, तिशी ओलांडलेली. अ‍ॅरल हा शत्रूचा अधिकारी, चाळिशीतला, त्याच्याच माणसांनी दगा देऊन मागं टाकलेला. एका निर्मनुष्य ग्रहावर दोघं अडकतात, आणि बरोबर तिचा एक जखमी सहकारी, ज्याच्या मेंदूवर शस्त्राचा मारा झाल्यानं त्याला धड बोलता-चालता येत नाही. दोघांना त्याला सांभाळत कित्येक दिवस पायी जायचंय. खायला काय, तर ओट्सची लापशी आणि सॅलडवर घालायचं चीजचं ड्रेसिंग. तेच सकाळी, तेच संध्याकाळी. शत्रूचा माणूस आपल्या जखमी माणसाशी कसा वागतो, हे ती चालता चालता बघत राहते, आणि प्रेम जमतं ते तिथं. गुलाब नाही, पाऊस नाही. आमच्या मते या पत्रकातली सगळ्यांत समजूतदार प्रेमकथा हीच.

मोंढ्यातल्या मंडळींसाठी

आडतीच्या घरातल्या एका वाचकाला आम्ही नाओमी नोविक यांची 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८) दिली होती. त्यानंतर ती त्या गल्लीत कितीतरी घरं फिरून आली. मिर्येम ही यहुदी सावकाराची मुलगी. बाप इतका मऊ, की दिलेलं परत मागायला त्याची जीभ उचलत नाही. गाव त्याच्या पैशावर सणवार करतं आणि याच्या घरात थंडीला पुरेसं सरपण नाही. शेवटी पोरगीच वही घेऊन दारोदार वसुलीला निघते. कुणाकडं रोकड नाही? मग कोंबडी घे, धान्य घे. एका कर्जदाराची मुलगी बापाचं कर्ज फेडायला हिच्या घरी कामाला राहते. धंदा असा बसतो की मिर्येम म्हणून जाते, मी चांदीचं सोनं करते. हे बोलणं बर्फाच्या प्रदेशातल्या स्टारिक लोकांचा राजा ऐकतो आणि खरोखरच चांदी आणून ठेवतो: कर सोनं!

ती जादू करत नाही, व्यापार करते. सोनाराकडून त्या चांदीची अंगठी घडवून घेते, मग हार, मग मुकुट. आणि सोन्याच्या मोबदल्यात विकते. सोनं करून दिलंस तर राणी करीन, असा शब्द राजानं दिलेला. तो शब्दाला पक्का असल्यामुळं त्याला तिच्याशी लग्न करावं लागतं, आणि ते दोघांनाही नको असतं. पुढचं सगळं देणं-घेणं, कबूल केलेलं पाळणं आणि एकमेकांचा हिशेब चुकता करणं यावर चालतं. व्याजाचं कामकाज ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना यातली नाती चटकन कळतात. सावकार म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाच्या मनात जे येतं, त्याची दुसरी बाजूही यात आहे: सावकाराच्या पोरीकडं, आणि त्यातही यहुदी पोरीकडं, गाव कसं बघतं ती. गोष्ट अनेकजण आळीपाळीनं सांगतात, पण सांगणाऱ्याचं नाव वर लिहिलेलं नसतं. पहिल्या दोन-चार ओळींत कोण बोलतंय ते ओळखावं लागतं.

याच बाईंची 'अपरूटेड' (२०१५) जास्त खपते. तिला नेब्युला हा विज्ञान-अद्भुत साहित्याचा अमेरिकी पुरस्कारही आहे. मांत्रिक दर दहा वर्षांनी गावातली एक मुलगी मनोऱ्यात नेतो, तिथून सुरुवात. त्यातलं शापित रान भन्नाट आहे, प्रेम तेवढं जमलेलं नाही.

पहिल्यांदाच इंग्रजी वाचणाऱ्यांना

डायना विन जोन्स यांची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी कादंबरीची धास्ती घेणाऱ्या मुलामुलींना आम्ही हीच देतो. टोप्यांच्या दुकानात बसणारी सोफी एका चेटकिणीच्या शापानं म्हातारी होते. तोंड मात्र सुटतं! तरुणपणी जे बोलायची हिंमत नव्हती ते म्हातारपणी बेधडक बोलते. हाउल हा जादूगार देखणा, बढाईखोर, तासन्तास न्हाणीघरात घालवणारा. केसांचा रंग बिघडला म्हणून घरभर हिरवा चिकट पदार्थ पसरेपर्यंत रुसून बसतो. सहावी-सातवीपासून आजीपर्यंत कुणीही वाचावी. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा २००४ चा सिनेमा बघितला असला तरी वाचा, पुस्तक बरंच वेगळं आहे.

थोडक्यात आणखी काही

'धिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर' (२०१९), लेखक अमाल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टन. काळात मागंपुढं जाऊन लढणाऱ्या दोन शत्रुपक्षांच्या दोन हेर स्त्रिया एकमेकींना चोरून पत्रं लिहितात, एक पत्र तर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांमध्ये. पुस्तक छोटं आहे, भाषा कवितेसारखी आणि अवघड. डिक्शनरी जवळ ठेवा.

फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' (१९६५) प्रेमासाठी नेऊ नका. पॉल आणि चानी आहेत, पण राजकारणापुढं त्यांना जागा कमीच. तरी लातूरकरांनी वाचावी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय. त्या वाळवंटी ग्रहावर अंगाचा घामसुद्धा गाळून परत पितात, आणि कुणी समोर थुंकलं तर तो मान समजतात, कारण त्यानं आपलं पाणी दिलं. हे समजायला आपल्याला तळटीप लागत नाही.

पालकांनी एवढं वाचाच

रीलमधून गाजलेल्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (सारा जे. मास, २०१५) आणि 'फोर्थ विंग' (रेबेका यारोस, २०२३) या दोन्ही आम्ही ठेवतो. कव्हर सुंदर, आत राजकन्या-ड्रॅगन, म्हणून आठवीतल्या लेकीच्या वाढदिवसाला नेऊ नका. यांत शरीरसंबंधांची उघड वर्णनं आहेत. ही पुस्तकं शाळकरी मुलांना आम्ही देत नाही, त्यावरून काउंटरवर वाद घालू नये ही विनंती. मोठ्यांसाठी आमचं मत विचाराल तर 'फोर्थ विंग' रात्रीत वाचून होते. आमच्या वरच्या परीक्षेत मात्र ती काठावर पास आहे.

मराठीत काय?

हे रोज विचारलं जातं. जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही पुस्तकं आहेत. विज्ञान पक्कं, प्रेम चवीपुरतं. नाथमाधवांची 'वीरधवल' शंभर वर्षांहून जुनी, अद्भुतात न्हालेली. भाषा जुनी असली तरी लागते हळूहळू.

पण आमची खरी शिफारस आपल्या गोदाकाठची आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य होता, त्यानं 'पैशाची' नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' रानात बसून स्वतःच्या रक्तानं लिहिली, अशी कथा आहे. राजानं ती नाकारली. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान वाची आणि आगीत टाकी. रानातली जनावरं चरणं सोडून ऐकत उभी राहिली, त्यांचं मांस सुकलं. राजाच्या ताटात सुकं मांस आलं तेव्हा चौकशी झाली, राजा धावला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला तो राजपुत्र नरवाहनदत्ताचा भाग.

मूळ ग्रंथ आज नाही, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्याच कथेवरून संस्कृतात 'कथासरित्सागर' रचला, आणि त्याचे मराठी अनुवाद मिळतात. त्यात नरवाहनदत्त समुद्रापलीकडच्या राजकन्या कर्पूरिकेसाठी निघतो. तिला पुरुषांचा तिटकारा. वाटेत एक नगर लागतं. दुकानं आहेत, माणसं हिंडतायत, पण आवाज नाही. सगळी लाकडाची! राज्यधर नावाच्या एकट्या सुतारानं एकटेपणा घालवायला ही यंत्रं केलेली. तोच पुढच्या प्रवासाला उडतं यान देतो. यंत्रमानवांचं शहर, विमान आणि रुसलेली राजकन्या, सगळं एका गोष्टीत. बायका फार आहेत नरवाहनदत्ताला, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

नेण्याचे नियम

डिपॉझिट पुस्तकाच्या छापील किमतीइतकं, पुस्तक परत आल्यावर पूर्ण परत. पहिली पन्नास पानं वाचून जमलं नाही तर त्याच भाड्यात बदलून मिळेल. फक्त पुस्तक आणून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर "आवडलं नाही" एवढं कळवून चालणार नाही. जाड कादंबऱ्या मधोमध उलट्या करून ठेवू नका, बांधणी तिथंच उकलते. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी कॉलेजचं ओळखपत्र आणावं. परीक्षेच्या काळात पुस्तक ठेवायची मुदत वाढवून मिळते, पण ती आधी मागावी लागते. जे पुस्तक बाहेर गेलेलं असेल त्याच्या वहीत नाव लिहून ठेवा. 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ'ची वही सध्या लांब आहे.