डेल्कोतला कंडेन्सर वेगळा, कॉइलवरचा वेगळा

जुनी अ‍ॅम्बॅसेडर पुन्हा उभी करताना लोक बंपरच्या क्रोमसाठी पुण्या-मुंबईपर्यंत फिरतात आणि कंडेन्सर मात्र बोल्ट सापडेल तिथे आवळून मोकळे होतात. जालन्यापासून लातूरपर्यंत मी हेच बघत आलोय, आणि दरवेळी जीव तुटतो.

डेल्को म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. त्यातला कंडेन्सर तुम्हाला माहीतच आहे. लुकास पद्धतीच्या डेल्कोत तो टोपणाखाली, पॉइंटला, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना, लागूनच एका स्क्रूवर बसतो. पॉइंट उघडताना करंट पोटात घेतो, म्हणून ठिणगी पॉइंटवर न पडता प्लगवर पडते.

दुसरा कॉइलवरचा. कॉइल म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. हा दिसायला पहिल्याचाच भाऊ: पत्र्याची डबी, एक वायर. पण तो रेडिओसाठी. मीडियम वेव्हवर परभणी आकाशवाणी लावली की इंजिनाची खरखर बातम्यांत घुसते, ती अडवायला. आकार, रंग, वायरीचं टोक यातले फरक सोडून द्या.

खरा प्रश्न वायर कॉइलच्या कुठल्या टोकाला, हा. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात. एसडब्ल्यूला किल्लीकडून करंट येतो, सीबीवरून तो पॉइंटकडे जातो. रेडिओचा कंडेन्सर एसडब्ल्यूवरच लागतो. सीबीवर लावला की तो पॉइंटच्या कंडेन्सरच्या जोडीला बसतो. पॉइंटला साधारण 0.2 मायक्रोफॅरड पुरतात, रेडिओवाला बरेचदा 1 चा असतो. बेरीज पाच-सहा पट. मग कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळत नाही, आणि प्लगची ठिणगी मरते.

एका पाहुण्यांची गाडी अशीच आली होती. जागेवर छान चालायची, मांजरसुंब्याच्या घाटात मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून झटके. कार्बोरेटर दोनदा उघडून झाला होता, प्लग नवे होते. टोपण काढलं तर पॉइंटच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. कॉइलवरची वायर सीबीवर होती. ती एसडब्ल्यूवर नेली, नवे पॉइंट टाकून 0.4 मिमीचा गॅप धरला, गाडी घाट चढली.

शंका असेल तर इंजिन बंद करून कॉइलवरच्या डबीची वायर सोडा आणि पुन्हा स्टार्टर मारा. गाडी पूर्वीसारखीच चालली आणि फक्त रेडिओ खरखरला, तर डबी रेडिओची आणि जागेवर. गाडी सुधारली, तर ती सीबीवर होती. गाडी धड सुरूच होईना, तर कुणीतरी पॉइंटचा कंडेन्सर बाहेर आणून टांगलाय. त्यावर गाडी चालते, हे खरं. तरी मी तो ठेवत नाही. त्याची जागा डेल्कोत, पॉइंटजवळ.

अक्षरं पुसली असतील तर कॉइलच्या दोन्ही वायरी सोडा, किल्ली फिरवा, टेस्ट लॅम्प लावा. जिच्यावर दिवा लागला ती एसडब्ल्यूची. प्लस-मायनसच्या खुणांवर जाऊ नका. काही जुन्या गाड्यांत प्लसच अर्थ, म्हणजे बॉडीच्या पत्र्याला जोडलेला, असायचा.

आणि नवा रंग मारलेल्या गाडीत डबीच्या पट्टीखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. रंगावर बसवलेल्या डबीला अर्थ मिळत नाही, खरखर तशीच राहते.