पिंजऱ्यातला पक्षी शांत असतो की घाबरलेला? हे मोजायला कसं जमलं

बडोद्यात उत्तरायणला मांज्याने कापलेला बुलबुल नाहीतर मैना खोक्यात ठेवली की कोणीतरी म्हणतंच, बघ कशी गप बसलीये, माणसाळली. गप बसलीये खरी, पण रक्तात काय चाललंय ते वरून दिसत नाही ना.

स्ट्रेसची कल्पना हान्स सेल्येने 1936 मध्ये उंदरांवरून मांडली. पक्ष्यांमधे मुख्य स्ट्रेस हॉर्मोन कॉर्टिकोस्टेरॉन, पण चिमणीच मुळात 25-30 ग्रॅमची, तिचं रक्त काढणार किती, आणि जुन्या टेस्टला तेवढं पुरायचंच नाही. मग यॅलो आणि बर्सन यांची रेडिओइम्युनोअसे, म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावून हॉर्मोन मोजायची टेस्ट, आली (यॅलोबाईंना 1977 चं नोबेल, बर्सन तोवर वारले होते म्हणून राहिले) आणि थेंबभर रक्तात काम व्हायला लागलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत जॉन विंगफील्ड हा संशोधक थेट रानात जाऊन जाळीत चिमण्या पकडायचा, पंखाच्या शिरेतून थेंब घ्यायचा, की सोडून द्यायचा.

आता गंमत अशी की पकडणं हाच मोठा स्ट्रेस! हॉर्मोन चढायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून सगळी धावपळ तेवढ्यात. रोमेरो आणि रीड या संशोधकांनी 2005 मधे तपासून सांगितलं की 2 मिनिटांच्या आतलं सॅम्पल पक्कं, 3 पर्यंत चालून जातं. मग पक्षी कापडी पिशवीत अर्धा तास ठेवून परत रक्त घ्यायचं म्हणजे किती चढलं ते कळतं.

आपल्या बडोद्यातही एम. एस. युनिव्हर्सिटीत जे. सी. जॉर्ज भोरड्यांच्या चरबीवर आणि स्नायूंवर काम करत होते, 1963 पासून तिथून 'पावो' हे पक्ष्यांचं जर्नलही निघायचं. हॉर्मोनचा विषय नव्हता तो, पण अभिमान वाटतोच.

पिंजऱ्याचं उत्तर मात्र सरळ नाही निघालं. काही जातींत हॉर्मोन महिनोन्‌महिने चढलेलं राहतं, काहींत थोड्या दिवसांत उतरतं. जपानमधे तर पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून अडीचशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या पाळून झालेली बेंगालीज फिंच आहे, 2012 मधे दोघींची विष्ठा तपासली तर पाळीव जातीत कॉर्टिकोस्टेरॉन कमी निघालं. पण ते अडीचशे वर्षांचं काम, गेल्या आठवड्यात जाळ्यात धरलेल्या मुनियेला ते लागू नाही.

विष्ठेला निदान पक्षी हातात धरावा लागत नाही. 2008 पासून पिसांतूनही मोजतात, पीस वाढत असताना हॉर्मोन त्यात साठत जातं, म्हणजे पकडण्याआधीचं पीस रानातले दिवस सांगतं आणि नंतर आलेलं पिंजऱ्यातले.