ती ‘मी’ केव्हा म्हणते?

यवतमाळकडच्या गावांत शेतकऱ्यानं आत्महत्या केली की त्याच्या बायकोला तीच हकिकत तलाठ्यापासून पत्रकारापर्यंत सगळ्यांना सांगावी लागते. १ लाखाच्या सरकारी मदतीला प्रकरण ‘पात्र’ ठरायचं तर नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा दाखवावा लागतो. सांगून सांगून हकिकतीला अर्जाचाच साचा येतो. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज किती, औषध कधी घेतलं. ती स्वतः त्यात कुठेच नसते.

म्हणूनच स्त्रीवादी संशोधन, म्हणजे बाईचं जगणं तिच्याच बाजूनं समजून घेऊ पाहणारं संशोधन, आधी मुलाखतीतले प्रश्न बदलतं. ‘काम करता का?’ विचारलं तर ‘घरीच असते’ म्हणणारी बाई सकाळीच दुसऱ्याच्या वावरात निंदून आलेली असते. त्याऐवजी कालचा दिवस विचारावा: पाणी कोणी भरलं, निंदायला कुठे गेलात, रोजी कोणाच्या हातात पडली? तिनं उलट प्रश्न केला तर सरळ उत्तर द्यावं. मुलाखत एकतर्फी नसावी, हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९८१मध्येच ठासून मांडलं. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाखत मागूच नये. ओसरीवर सासू किंवा दीर येऊन बसले तर विषय पिकापाण्याकडे वळवावा, बाकीचं वावरात बोलावं.

खरी हानी मुलाखत लिहून काढताना होते. तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास लागतात, आणि घाईत वऱ्हाडी ‘शुद्ध’ केली जाते. समजा, ती म्हणाली:

‘मले तं... (४ सेकंद) आपल्याले कोण इचारते जी. घरच्याईनं ठरवलं, मंग म्या सही केली.’

याचं ‘मला कोणी विचारलं नाही, नवऱ्यानं ठरवलं, मी सही केली’ असं केलं की थांबणं गेलं आणि ‘मले’वरून ‘आपल्याले’वर सरकणंही गेलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांच्या पद्धतीत मजकूर अनेकदा वाचतात. एका वाचनात फक्त ‘मी’ आणि त्याचं क्रियापद उचलून ओळीखाली ओळ लिहितात. इथे पुरी झालेली ओळ एकच उरते: म्या सही केली. मात्र ‘आपल्याले’ म्हणजे तिला स्वत्वच नाही, असा निष्कर्ष काढणं चूक. घरातल्या सगळ्याच बाया तिच्या मनात असतील. तिलाच विचारावं.

लहान गावात नाव बदलून ओळख लपत नाही. मुलांची संख्या, पीक, विहीर हेही बदलावं लागतं. मजकूर तिला वाचून दाखवावा, नको ते तिनं खोडावं. मदतीचं प्रकरण तहसिलीत अडकलेलं असेल आणि तिचं बोलणं अर्जाशी जुळत नसेल, तर त्याचा धोका आधी सांगावा. मग छापायचं की नाही, ते ती ठरवेल.