शेवंडीला कोण खातं, आणि पाणी किती तापलंय?

कोळणीच्या पाटीतली शेवंड, म्हणजे आपल्याकडचा लॉबस्टर, उलटी करून पाहा. शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा घोस दिसला तर ती अंडी घेतलेली मादी. दाणे तपकिरी झाले असतील तर पिल्लं सुटायला थोडेच दिवस उरलेत. अंडी नसली तरी मादी ओळखता येते: तिच्या चालायच्या पायांच्या शेवटच्या जोडीला टोकाशी इवलासा चिमटा असतो, नराला नसतो. मोठे नांगे मात्र दोघांनाही नाहीत. मेन्यूकार्डावर छापतात तो नांग्यांचा लॉबस्टर अटलांटिकचा.

पण शिकारी आणि तापमान यांचा हिशेब त्या नांगेवाल्यावरच नीट कळतो. त्याला १२ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की त्याचा जीव मेटाकुटीला येतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि शरीराची प्राणवायूची भूक मात्र वाढते, असा दुहेरी मार. अमेरिकेच्या मेन किनाऱ्याचं पाणी मुळात थंड, त्यामुळे ते तापलं तशी लॉबस्टरची चंगळ झाली. त्यातच त्याच्या पिल्लांवर ताव मारणारा कॉड मासा बेसुमार मासेमारीने संपत आला होता. १९९० मध्ये साधारण १३ हजार टन असलेली पकड २०१६ मध्ये ६० हजार टनांवर गेली. त्याच काळात दक्षिणेकडे, न्यूयॉर्कच्या बाजूला, आधीच कोमट असलेलं पाणी आणखी तापलं. कवचाचा रोग पसरला आणि तिथली मासेमारी बसली.

मेनच्या मच्छीमारांची एक युक्तीही कामी आली. अंडी घेतलेली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पाकळीला खाच पाडायची आणि तिला सोडून द्यायचं. पुढच्या खेपेला अंडी नसली तरी खाच दिसली की ती धरायची नाही.

शेवंडीचा खरा नाजूक काळ कात टाकल्यानंतरचा. कवच काही दिवस मऊ राहतं, तेव्हा हेकरू, वाम, ऑक्टोपस कुणीही तिला फाडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मार्कस बेटाजवळ तर शंखगोगलगायींनीच बाजी उलटवली. एरवी शेवंडच त्यांना खाते. पण तिथे त्यांची संख्या इतकी प्रचंड होती, की संशोधकांनी सोडलेल्या हजार शेवंडींना त्या झुंडीने चिकटल्या. आठवड्याभरात एकही जिवंत उरली नाही.

मुंबईच्या समुद्रात मात्र दोष पाण्याला किंवा माशांना देऊन चालणार नाही. इथल्या चपट्या सँड लॉबस्टरची मासेमारी १९९० च्या दशकाच्या मध्यात कोसळली ती तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांमुळे. त्यांत अंडी घेतलेल्या माद्याही सरसकट येत. पिल्लं काचेच्या पानासारखी पारदर्शक, चपटी, प्रवाहाबरोबर वाहत जाणारी. काटेरी शेवंडीची पिल्लं तर कित्येक महिने अशी भटकतात, त्यातून तळाशी पोचणारी विरळाच. मादी गेली की भरपाई लवकर होत नाही.

२००३ पासून निर्यातीसाठी वजनाची किमान मर्यादा आहे: मुंबईची चिखलातली काटेरी शेवंड ३०० ग्रॅम, सँड लॉबस्टर १५० ग्रॅम. शहरातल्या ताटात येणाऱ्या शेवंडीला मात्र हा निर्यातीचा नियम लागत नाही.